गवताखालचं कोठार

कोपरीच्या आमच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि तिच्यातून सगळी मिठागरंच दिसायची. चौकोनी, उथळ, आभाळाच्या रंगाची. त्यांच्या टोकाला, खाडी आत वळते तिथे, काही बुटक्या हिरव्या टेकड्या ओळीनं बसलेल्या. मी लग्न होऊन साताऱ्याकडून आलेले. आमच्याकडचे डोंगर उघडेबोडके, काळ्या कातळाचे. या टेकड्या मला पाण्याकाठी रवंथ करत बसलेल्या म्हशींसारख्या वाटल्या. सकाळी धुकं असलं की त्यांच्या खालची जमीन नाहीशी व्हायची आणि त्या हलकेच वर उचलल्यासारख्या दिसायच्या.

पहिल्याच आठवड्यात मी घरमालकीणबाईंना विचारलं, "त्या टेकड्यांवर कुठला देव आहे का हो? फिरायला जाता येईल?"

त्या ओटीवर तांदूळ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "देव नाय पोरी. बॉम हायेत."

त्यांना मी पुढे मावशी म्हणू लागले आणि त्यांच्या यजमानांना काका. दोघंही तिथलीच, पिढ्यान् पिढ्या आगरात मीठ पिकवणारी. मूलबाळ नव्हतं. घरातली एक खोली त्यांनी आम्हाला भाड्यानं दिली होती, कारण आमचे हे रुळांपलीकडे ठाण्याच्या एका शाळेत मास्तर होते आणि काकांना मास्तर माणसाबद्दल फार आदर.

मावशींनीच मला सगळं सांगितलं. लढाईच्या काळात इंग्रजांनी तिथे सिमेंटच्या जाड खोल्या बांधल्या, वर माती लोटली, मातीवर गवत वाढू दिलं. वरून विमान गेलं तर खाली नुसतं कुरण दिसावं. आत दारूगोळा. इंग्रज गेले, तारेचं कुंपण आणि फाटकावरचा पहारा तसाच राहिला. आता आपलं लष्कर. गावातल्या बायका त्या बाजूला शेण्या थापायच्या, बकऱ्या चारायच्या, आणि कुंपणाशी आल्या की बोलणं आपोआप हळू व्हायचं. कुणी तसा हुकूम काढला नव्हता. मीसुद्धा महिन्याभरात तशीच बोलायला लागले.

हळू बोलण्याचं खरं कारण मला नंतर कळलं. सगळ्यात शेवटची टेकडी इतरांपेक्षा मोठी होती आणि तिच्या दाराशी वेगळा पहारेकरी असायचा. गावातला एक सुतार कधी काळी आत काम करून आला होता. त्यानं म्हणे सांगितलं होतं की त्या टेकडीच्या पोटात एकच वस्तू आहे, आणि तिच्यासाठी स्वतंत्र खोली आहे. जपानवर जे दोन टाकले त्यांचा तिसरा भाऊ. तो इथे आणून ठेवला, लढाई संपली, आणि न्यायचा राहून गेला. गावात त्याला आटम म्हणत. "आटम झोपलाय," असं म्हणत. जसं घरात आजारी माणूस झोपलं असावं.

एकदा गावातलं एक लग्न होतं आणि वरात दिवसाढवळ्या खाडीकडच्या रस्त्यानं निघाली होती. पुढे बँड, मागे आम्ही बायका. कुंपण सुरू झालं तसा बँड थांबला. वाजवणाऱ्यांनी पितळी वाद्यं छातीशी धरली, ढोलवाल्यानं ढोलावर तळहात ठेवला. नवरदेवाची घोडीसुद्धा सावकाश पावलं टाकू लागली, की मलाच तसं वाटलं. वाळूवरून जाणारी नुसती पावलं, बांगड्यांचा बारीक आवाज, आणि डाव्या हाताला ऊन खात पडलेल्या त्या हिरव्या पाठी. कुंपण संपल्यावर बँड पुन्हा जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला. आजही वरात पाहिली की मी मधल्या शांततेची वाट पाहते.

दसरा झाला की लष्कर गावातल्या बायकांना आत गवत कापू द्यायचं. वाळलेलं गवत त्यांनाही नको असायचं, आगीची भीती. आणि गावाला गुरांसाठी वैरण हवी असायची. दुसऱ्या वर्षी मावशींबरोबर मीही गेले. फाटकावर हवालदारानं कनवटी झटकून दाखवायला लावल्या, कुणाकडे काडेपेटी तर नाही. मशेरी चालत होती, विडी नाही. ज्यांच्या चपलांना खिळे होते त्यांनी त्या बाहेर ठेवल्या. उतारावरचं गवत विळ्यानं कापायचं, पण दाराजवळचं हातानं उपटायचं, लोखंड दगडावर आपटता कामा नये.

मोठ्या टेकडीच्या दाराशी मी गवत उपटत होते. कमरेएवढं गवत, त्यात पिवळी फुलपाखरं, वर भुंग्यांची घरघर. दार लोखंडी, रंग उडालेलं. पहारेकरी सावली शोधत पलीकडे गेला तसा मी दाराला कान लावला. आत काहीच नव्हतं. म्हणजे आवाज होता, पण तो शंख कानाला लावल्यावर येतो तसा, आपलाच. मला कुणी तरी श्वास घेतंय असं वाटलं, पण भीती वाटली नाही. तान्ह्या मुलाचा श्वास ऐकताना पुढे मला तसंच वाटायचं.

मावशींनी माझा दंड धरून मागे ओढलं. "झोपल्याला उठवू नये," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा गवताला लागल्या.

आमच्या ह्यांना मात्र हे सगळं झोपेचं प्रकरण मान्य नव्हतं. ते भूगोल शिकवायचे आणि वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. सुरुवातीला ते हसायचे. "इतकी मोलाची गोष्ट कोणी कोपरीत विसरून जाईल का?" मग जपानच्या कोळ्यांची बातमी आली. दूर समुद्रात कुणी मोठा बॉम्ब फोडून पाहिला, आणि मासे धरायला गेलेल्या एका होडीवर पांढरी राख पडली. बर्फासारखी. कोळ्यांनी ती हातानं झटकली, आणि नंतर सगळे आजारी पडले. ह्यांनी ती बातमी ओटीवर बसून मोठ्यानं वाचली. काका ऐकत होते. ऐकून झाल्यावर बराच वेळ मिठाच्या राशींकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून ह्यांचं हसणं थांबलं. मुद्दा असा की आटम तिथे नाही हेही कुणी सांगू शकत नव्हतं. फाटकावरचा शिपाई विचारलं की आभाळाकडे बघायचा. ह्यांची झोप उडाली. मागच्या दारी लावलेला पालक उपटून टाकला. विहिरीचं पाणी दोनदा गाळायला सांगितलं. आणि एक दिवस म्हणाले, "काकांच्या आगरातलं मीठ आपण नको वापरायला. कुंपणाला लागून आहे. मी बाजारातून आणत जाईन."

आणलं. पुढच्या आठवड्यात मी स्वतः ठाण्याच्या बाजारात गेले, तर त्याच दुकानासमोर काकांची बैलगाडी उभी. काका स्वतः गोणी उतरवून देत होते. मला पाहून म्हणाले, "पोरी, गाडीत बस, घरी सोडतो."

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं आणि मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. कितीतरी आठवड्यांनी. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले. "म्हणजे आपण तेच खात होतो," म्हणाले. "फक्त रेल्वे ओलांडून." मावशी काय झालं म्हणून डोकावल्या, त्यांना सांगितलं, तर त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. मिठाचा विषय त्या दिवशी मिटला. भीती मात्र मिटली नाही. मला दिवस राहिल्यावर ती परत आली. आपण डोंबिवलीला खोली बघू, असं ते म्हणू लागले. तिकडे नवी वस्ती होतेय, मोकळी हवा आहे, मास्तर लोक राहायला जातायत. मला जायचं नव्हतं. मला त्या खिडकीची सवय झाली होती. खरं तर मला त्या झोपलेल्याचीही सवय झाली होती, पण हे नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं.

आग लागली ती चैत्रात, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. मला सातवा महिना होता. त्या दिवसांत गावाबाहेरच्या शेतांत राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं लावायची तेवढी जमीन पालापाचोळा आणि शेण पसरून जाळून घेतात. दुपारी मी भांडी घासत होते, आणि जळक्या पाल्याचा वास नेहमीपेक्षा जास्त आला. मान वर केली. खिडकीतून दिसणारं मिठागर तसंच चकाकत होतं, पण त्याच्या उजव्या अंगाला, शेतं आणि टेकड्यांच्या मधे जे खाजण होतं, तिथून धूर उठत होता. खाजण म्हणजे खाडीकाठची पडीक खारी जमीन. पावसाळ्यात दलदल, चैत्रात पुरुषभर उंच वाळलं गवत. ते गवत थेट कुंपणापर्यंत गेलेलं.

मग कोठाराचा भोंगा वाजला. तो त्याआधी मी कधीच ऐकला नव्हता. लांबलचक, एकाच पट्टीतला, दुपारभर वाजतच राहिला. एक शिपाई सायकलवरून गावातून गेला. "रुळांच्या पलीकडे जा, सगळे जा, सामान घेऊ नका," असं सांगत.

काकांनी गोठ्यातले बैल सोडले, त्यांच्या पाठीवर थाप मारून त्यांना रुळांकडे हाकललं. मग फावडं खांद्यावर टाकलं आणि सगळं गाव ज्या बाजूला निघालं होतं त्याच्या उलट, खाडीकडे चालू लागले.

"कुठे चाललात?" मी विचारलं.

"उघाडीवर," ते म्हणाले. "भरती आलीय."

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ते उचललं की भरतीचं पाणी आत येतं. पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती होती आणि ती ऐन दुपारची. खाजणात पाणी सोडायचं, आग कुंपणापर्यंत पोचायच्या आत, हे त्यांच्या मनात होतं. मावशी त्यांच्याकडे बघत दारात उभ्या राहिल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "चल. त्यांना सांगून काय उपेग नाय."

रस्त्यानं सगळं गाव चाललं होतं, आणि मला आठवतं ते असं की कुणी ओरडत नव्हतं. इतकी वर्षं हळू बोलायची सवय लागलेली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, पोरांना कडेवर घेऊन, माणसं त्या वरातीसारखीच मुकाट चालली होती. नुसता भोंगा आणि पावलं.

रुळांच्या फाटकाशी आमचे हे भेटले. सकाळची शाळा सुटून परत येत होते आणि सगळे इकडे येत असताना ते एकटेच तिकडे जात होते. मला पाहून थांबले. माझ्या पोटाकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "काका कुठायत?"

मावशी म्हणाल्या, "उघाडीवर. एकलेच."

मला माहीत आहे की त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे ती पांढरी राख होती. त्यांनी कोट काढला, माझ्या हातात दिला. घड्याळ काढून कोटाच्या खिशात घातलं. "मावशी, हिला बसवा कुठेतरी सावलीत," म्हणाले.

जाऊ नका असं म्हणायला मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच, "चपला काढा, तिकडे चिखल आहे."

त्यांनी आज्ञाधारकपणे चपला काढल्या आणि धोतर खोचून अनवाणी निघाले.

आम्ही रुळांच्या भरावावर बसलो. गाड्या थांबवल्या होत्या. सगळं गाव भरावाच्या उतारावर एका ओळीत बसलेलं, तोंडं पूर्वेला. जवळच निर्वासितांच्या बराकी होत्या. तिथल्या सिंधी कुटुंबांनाही बाहेर काढलं होतं. एक वयस्कर बाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं आपल्या ओढणीचा एक भाग माझ्या डोक्यावर धरला, ऊन लागू नये म्हणून. पितळी लोट्यातून पाणी दिलं. "पियो बेटी. धीरे धीरे," म्हणाली. मग टेकड्यांकडे हनुवटीनं दाखवत विचारलं, "तेरा आदमी उधर है?" मी मान हलवली. ती ओढणी धरलेला हात बदलत राहिली, आधी उजवा, मग डावा.

तिथून आग दिसत होती पण तिचा आवाज येत नव्हता. केशरी रंगाची एक ओली रेघ असावी तशी ती गवतातून सरकत होती. तिच्या वर हवा पातळ होऊन थरथरत होती, आणि त्या थरथरणाऱ्या हवेतून टेकड्या दिसत होत्या. त्या हलत होत्या. मोठी टेकडी कूस बदलत असल्यासारखी दिसायची, आणि मग पुन्हा स्थिर. माझ्या पोटात बाळ फिरलं. मला वाटलं, आता हा उठणार. आणि मला असं वाटलं की तो उठलाच तर आम्हाला काही कळणार नाही, फक्त सगळं पांढरं होईल, मिठासारखं. मी मावशींचा हात धरला होता की त्यांनी माझा, ते आठवत नाही. त्यांचे ओठ हलत होते.

मग मिठागराच्या एका कडेला काहीतरी चमकलं. आरसा तिरपा करावा तसं. ती चमक पसरत गेली, लांब झाली, आणि खाजणाच्या गवतात शिरली.

"फोडला," मावशी म्हणाल्या. "तयार कोंडीचा बांध फोडला त्यांनी."

कोंडी म्हणजे मिठागरातला एकेक चौकोन. उघाडीतून आलेलं पाणी खाजणात लवकर पोचायचं तर वाटेत त्याच कोंड्या होत्या ज्यांत त्या हंगामाचं मीठ तयार होऊन पडलं होतं, काढायचं बाकी होतं. मावशींच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस आला असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

पाणी आणि ती केशरी रेघ एकमेकांजवळ जात राहिली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग काळा धूर राखाडी झाला, राखाडीचा पांढरा झाला, आणि एका ठिकाणी तो दाट वाफेसारखा सरळ वर चढू लागला. भोंगा थांबला. भोंगा थांबल्यावर कळलं की तो इतका वेळ वाजत होता. आणि तेव्हा मात्र कुणीतरी पोर मोठ्यानं रडलं, आणि त्याला कुणी गप्प केलं नाही.

आम्ही घरी पोचलो. ते दोघे परत आले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मांड्यांपर्यंत चिखल, केसांत राख, आणि चिखल वाळून त्यावर मीठ फुललेलं, त्यामुळे दोघेही पांढरेफटक. ह्यांना मी आधी ओळखलंच नाही. ओटीवर दोघे शेजारी शेजारी बसले. मावशींनी दोघांच्या तळहातांना खोबरेल लावलं, फोड आले होते. मी चहा केला. ह्यांना बशी धरता येईना, मीच ती त्यांच्या ओठांना लावली.

"तिथे भीती वाटली नाही?" मी विचारलं.

"तिथे नाही," ते म्हणाले. "तिथे मी फक्त पाणी कुठवर आलं ते बघत होतो. आत्ता वाटतेय."

थोड्या वेळानं त्यांनीच सांगितलं. उघाडीच्या फळ्या फुगून घट्ट बसल्या होत्या, दोघांनी मिळून उचलल्या. मग काकांनी कोंडीचा बांध दाखवून म्हटलं, इथे घाला फावडं. "मी म्हटलं, काका, हे तर तयार मीठ आहे. तर म्हणाले, घाला मास्तर, उद्या बोलू." हे सांगत असताना काका पायांचा चिखल खरवडत होते. जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

दुसऱ्या दिवशी लष्कराची जीप दारात आली. आतून एक तरुण अधिकारी उतरला, ओटीवरच्या बाजेवर बसला, त्यानं चहा घेतला, काकांचे हात हातात घेऊन पाहिले. निघताना काकांनी त्याला विचारलं, "सायेब, आत हाय काय?"

अधिकारी हसला. "जो भी है चाचा, आपकी वजह से अभी तक है।"

ह्यांना ते उत्तर अजिबात आवडलं नाही. काकांना चाललं. ते दिवसभर ते वाक्य आपल्या बोलीत पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते.

त्या हंगामाचं मीठ गेलं ते गेलंच. काका उन्हाळाभर दुसऱ्यांच्या आगरात कामाला गेले. बांध पुन्हा घालायचा होता, त्याला मात्र त्यांनी कुणाला बोलावलं नाही आणि तरी गावातले पुरुष येत राहिले. सगळ्यात आधी, उजाडायच्या वेळी, जो येऊन चिखल उपसायला लागला त्याच्या राबातून आग पसरली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही. मावशी त्याला इतरांबरोबरच भाकरी वाढायच्या. थोडी जास्तच.

ज्येष्ठात मला मुलगी झाली. सुईणीनं तिला धुऊन माझ्याजवळ ठेवलं तेव्हा ह्यांनी दारातूनच विचारलं, "सगळं नीट आहे ना?" सुईण म्हणाली, बोटं दहा हायेत, आवाज शंभर हाय. तरी त्यांनी आत येऊन एकेक बोट स्वतः पाहिलं. मग बाहेर जाऊन काकांजवळ बसले. काका तिला खांद्यावर घेऊन बांधावरून फिरवायचे, तिला समजत नसताना खाडीच्या, पक्ष्यांच्या गोष्टी सांगायचे. ती आमच्याआधी त्यांची बोली शिकली. डोळ्यांना डोले म्हणायची. डोंबिवलीची गोष्ट ह्यांनी मग बराच काळ काढली नाही.

ती तीन वर्षांची असताना कोठार हलवलं. का, कुठे, कुणी सांगितलं नाही. रोज सकाळी लाल बावटा लावलेल्या लॉऱ्या आत जायच्या आणि उन्हं चढायच्या आत भरून बाहेर पडायच्या, बैलगाडीच्या वेगानं. गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं. सगळ्या लॉऱ्यांवर एकसारख्या लाकडी पेट्या. मोठ्या टेकडीतून काय निघतं याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. तिच्यातूनही त्याच पेट्या निघाल्या, फक्त जास्त.

फाटकावरचा जुना हवालदार शेवटच्या दिवशी आमच्याकडे पाणी प्यायला आला. आता बोलायला हरकत नव्हती. तो म्हणाला, लढाईतल्या विमानं पाडायच्या तोफांची काडतुसं होती, जुनी झालेली. आटम वगैरे काही कधीच नव्हतं. वेगळा पहारा कशासाठी, तर तिथे सगळ्यात जास्त माल होता म्हणून.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. काकांनी विचारलं, "पन ती पेटली असती तर गाव गेला असता ना?"

"गाव? स्टेशन पण गेलं असतं," हवालदार म्हणाला.

"मंग ठीक हाय," काका म्हणाले.

मला मात्र त्या दुपारी काहीतरी हरवल्यासारखं झालं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं खिडकीबाहेर कुणीतरी झोपलेलं होतं, त्याच्या झोपेला जपत आम्ही जेवलो, भांडलो, मुलगी वाढवली, आणि आता कळलं की तिथे कुणी नव्हतंच. मी मावशींना तसं म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. "व्हता," म्हणाल्या. "हवालदाराला काय ठाव."

पुढच्या आठवड्यात फाटक उघडंच पडलेलं दिसलं, तेव्हा मी, मावशी आणि मुलगी आत गेलो. मोठ्या टेकडीचं लोखंडी दार कुणीतरी काढून नेलं होतं. आत गार होतं, ओल्या मातीचा आणि तेलाचा वास. लांबलचक गोल छताची खोली, रिकामी, जमिनीवर पेट्यांचे चौकोनी डाग. बाहेरच्या उन्हातून आलेल्या आम्हाला आधी काहीच दिसेना. मुलगी माझा हात सोडून पुढे पळाली आणि तिनं सहज हाक मारली, "आये!" खोलीनं ती हाक कितीतरी वेळा परत दिली, प्रत्येक वेळी जरा मऊ करून. ती दचकली नाही. तिनं पुन्हा मारली. मग काकांनी शिकवलेल्या पक्ष्यांची नावं घेतली, बैलांना बोलावलं, मावशीला बोलावलं. त्या जागेत मी पहिल्यांदा कुणाला इतक्या मोठ्यानं बोलताना ऐकलं. मी तिला गप्प करायला हात पुढे केला होता. मावशींनी तो खाली धरला.

ओरडून ओरडून ती दमली, माझ्या मांडीवर येऊन पडली आणि तिथल्या गारव्यात तिला झोप लागली. तिला उठवून उन्हातून नेणं बरं वाटेना. मावशी भिंतीला टेकून बसल्या, मीही. दाराच्या उजेडात वाळलं गवत हलत होतं, आणि त्याच्या पलीकडे आगरात काका मीठ ओढत होते, लांबून लहानसे दिसत होते. मावशींनी मशेरीची डबी काढली, पुन्हा कनवटीला ठेवली. मुलगी आपणहून जागी होईपर्यंत बसून राहिलो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो. ह्यांना तिकडच्या शाळेत घेतलं होतं.